स्पीच थेरपीचे सहायक हवेतच, पण ‘थेरपिस्ट’ म्हणून पाठवू नका



गेल्या पावसाळ्यात एका आजोबांना तापाने फणफणलेल्या, धाप लागलेल्या अवस्थेत आमच्याकडे आणलं. वय सदुसष्ट, एसटीतून निवृत्त झालेले चालक. (ओळख पटू नये म्हणून काही तपशील बदलले आहेत.) दीड महिन्यापूर्वी त्यांना अर्धांगवायूचा झटका आला होता. उजवा हात-पाय लुळा, बोलणं गेलेलं, गिळता येईना म्हणून नाकातून नळी घालून घरी पाठवलेलं. घरच्यांनी कुठेही हयगय केली नव्हती. एका थेरपी सेंटरला फोन करून आठवड्यातून तीन दिवस ‘स्पीच थेरपिस्ट’ घरी बोलावला होता. दर खेपेला सहाशे रुपये.

तो मुलगा मन लावून काम करायचा, हे आजी स्वतःच सांगत होत्या. तोंडाचे व्यायाम, चित्रं दाखवून नावं म्हणवून घेणं, सगळं न कंटाळता. ‘पाणी’, ‘नको’, ‘बस’ असे चार-पाच शब्द आजोबांना परत आले ते त्याच्या मेहनतीने. तिसऱ्या आठवड्यात आजींनी त्याला विचारलं, “अरे, यांना जरा चहा पाजू का? किती दिवस असं नळीतून घालायचं?” त्याने चमच्याने दोन घोट पाणी पाजून पाहिलं. ठसका लागला नाही. “चालेल की आजी, थोडं थोडं द्या,” तो म्हणाला. आठवड्याभरात ताप आला. आमच्याकडे आले तेव्हा उजव्या फुप्फुसाच्या खालच्या भागात न्यूमोनिया होता.

ठसका लागला नाही म्हणजे पाणी बरोबर वाटेने गेलं, असं नसतं. झटक्यानंतर घशाची संवेदना मंदावते. मग पाणी, चहा, कधी स्वतःची लाळसुद्धा श्वासनलिकेत उतरते आणि माणूस खोकतही नाही. याला आम्ही सायलेंट अ‍ॅस्पिरेशन म्हणतो. अर्धांगवायूचे कितीतरी रुग्ण झटक्यातून वाचतात आणि नंतर या न्यूमोनियाने दगावतात. गिळणं सुरक्षित आहे की नाही हे शिकलेल्या थेरपिस्टने पद्धतशीर तपासावं लागतं. शंका असेल तर नाकातून दुर्बीण घालून, किंवा एक्स-रेखाली बेरियम गिळायला लावून पाहावं लागतं. दोन चमचे पाण्याने ते ठरत नाही.

आजोबा अकरा दिवसांनी घरी गेले. नळी पुन्हा बसवून.

दरम्यान एकदा तो मुलगा त्यांना बघायला हॉस्पिटलात आला होता. मी त्याला केबिनमध्ये बसवलं. वय तेवीस, एक वर्षाचा डिप्लोमा केलेला. मी विचारलं, “आजोबांचं गिळणं तपासायला तुमच्या मॅडम आल्या होत्या का?”

“मॅडम शनिवारी सेंटरला असतात. घरी नाही येत.”

“मग तू त्यांना फोन करून विचारायचंस.”

तो खाली बघत म्हणाला, “सेंटरवाले म्हणतात, घरचे विचारतील ते आपणच सांगायचं. सारखा मॅडमना फोन केला की पेशंटला वाटतं याला काही येत नाही.”

आजचा लेख त्याच्या या वाक्याबद्दल आहे. मला त्या मुलाचा राग आला नाही. ज्याने त्याला ‘थेरपिस्ट’ म्हणून त्या घरी पाठवलं त्याचा आला. आणि त्याहून जास्त त्या सरकारी यंत्रणेचा, जिच्या लेखी हा फरक फक्त दिल्लीतल्या एका रजिस्टरात आहे, आजींच्या दारात नाही.

थेरपिस्ट कोण आणि सहायक कोण?

आधी फरक समजून घेऊ, कारण बहुतेकांना तो कुणी सांगितलेलाच नसतो.

स्पीच थेरपिस्ट होण्यासाठी बारावीनंतर चार वर्षांची बीएएसएलपी ही पदवी असते. त्यातलं शेवटचं वर्ष इंटर्नशिपचं. पुढे दोन वर्षांचं पदव्युत्तर शिक्षण घेता येतं. या शिक्षणात कानाची तपासणी, भाषेचा विकास, मेंदूचे आजार, तोतरेपणा, आवाजाचे विकार, गिळण्याचा त्रास हे सगळं येतं. अडचण नेमकी काय आहे हे शोधणं आणि उपचाराचा आराखडा ठरवणं हे त्यांचं काम.

दुसरा अभ्यासक्रम एक वर्षाचा आहे. बारावीनंतरचा ‘डिप्लोमा इन हिअरिंग, लँग्वेज अँड स्पीच’, म्हणजे डीएचएलएस. तो करणाऱ्यांना वाचा व श्रवण सहायक म्हणता येईल. थेरपिस्टने आखून दिलेला सराव रुग्णाकडून करून घेणं, प्रगतीची नोंद ठेवणं, श्रवणयंत्राची देखभाल घरच्यांना शिकवणं, गावपातळीवर तपासणीच्या शिबिरात मदत करणं, ही त्यांची कामं. ही कामं कमी दर्जाची आहेत असं कुणी समजू नये. बोलणं परत येतं ते रोजच्या सरावाने, आणि तो सराव घेणारा माणूस बहुधा सहायकच असतो.

तिसरा गट आहे तो कुठल्याच यादीत नसलेल्यांचा. दोन-तीन महिन्यांचा ऑनलाइन कोर्स, किंवा तोही नाही. सेंटरमध्ये सहा महिने बाजूला बसून पाहिलं, आता स्वतः मुलं घेतात. त्यांच्याही पाठीवर तोच शब्द चिकटतो: थेरपिस्ट.

तुमच्या दारात उभ्या राहिलेल्या माणसाकडे बघून तो या तिघांपैकी कोण हे तुम्हाला कळणार आहे का? मलाही कळत नाही.

नऊ महिने चित्रांचे पत्ते

दुसरा प्रसंग लहान मुलाचा आहे. मी प्रौढांची डॉक्टर, पण घरातल्या एकाला तपासताना सगळं घरच समोर येतं. मधुमेहासाठी माझ्याकडे येणाऱ्या एक काकू एकदा साडेतीन वर्षांच्या नातवाला सोबत घेऊन आल्या. “मॅडम, हा अजून बोलत नाही. थेरपी चालू आहे, नऊ महिने झाले.” मी टेबलावर किल्ल्यांचा जुडगा आपटला. मुलगा खिडकीबाहेर बघत राहिला.

“कानाची तपासणी कधी केली?”

“कानाची? नाही हो. सेंटरमध्ये म्हणाले, मोबाइल जास्त बघतो म्हणून बोलत नाही.”

मी त्यांना त्याच आठवड्यात कानाच्या तपासणीला पाठवलं. बेरा झाली. दोन्ही कानांना मोठ्या प्रमाणात कमी ऐकू येत होतं. नऊ महिने त्या मुलाला चित्रांचे पत्ते दाखवून ‘बोल, बॉल. बोल, कप’ असं सांगितलं जात होतं, आणि त्याला त्यातलं जवळपास काहीच ऐकू येत नव्हतं.

बोलायला उशीर झालेल्या मुलाची आधी श्रवण तपासणी, मग बाकी सगळं. या विषयातला हा अगदी पहिला धडा आहे. भाषा शिकण्यासाठी मेंदू सर्वांत तयार असतो तो आयुष्याच्या सुरुवातीच्या काही वर्षांत. त्यातले नऊ महिने गेले ते परत येत नाहीत. कॉक्लिअर इम्प्लांटसारख्या उपचारांच्या सरकारी योजनांनाही वयाची अट असते, त्यामुळे इथे घड्याळ दोन्ही बाजूंनी पळत असतं.

त्या सेंटरमध्ये मुलाला सुरुवातीला कुणी तपासलं, हे मी आई-वडिलांना विचारलं. त्यांना नाव सांगता आलं नाही. “एक ताई होत्या,” एवढंच.

कायदा काय म्हणतो?

कायदाच नाही, असं कुणाला वाटेल. तसं नाही. 1992 चा भारतीय पुनर्वास परिषद कायदा आहे. त्याखाली नवी दिल्लीत पुनर्वास परिषद आहे, इंग्रजी आद्याक्षरांनी आरसीआय. ही परिषद अभ्यासक्रमांना मान्यता देते आणि केंद्रीय पुनर्वास रजिस्टर ठेवते. ऑडिओलॉजिस्ट, स्पीच थेरपिस्ट, विशेष शिक्षक, कृत्रिम अवयव बसवणारे तज्ज्ञ अशा अनेकांची नोंद या रजिस्टरात होते. प्रत्येकाला क्रमांक मिळतो आणि तो ठराविक काळाने नूतनीकरण करून घ्यावा लागतो. या कायद्याच्या कलम 13 प्रमाणे रजिस्टरात नाव नसलेल्या माणसाला भारतात कुठेही हा व्यवसाय करता येत नाही. केल्यास एक वर्षापर्यंत कैद किंवा एक हजार रुपयांपर्यंत दंड, किंवा दोन्ही.

एक हजार रुपये. आजोबांकडच्या दोन खेपांच्या फीपेक्षाही कमी.

दंडापेक्षा मोठी अडचण पुढे आहे. या कायद्याखालच्या गुन्ह्याची दखल न्यायालय कधी घेतं? परिषदेने अधिकार दिलेल्या व्यक्तीने लेखी तक्रार केली तरच. म्हणजे फसवणूक झालेल्या आजी या कायद्याखाली स्वतः उठून न्यायालयात जाऊ शकत नाहीत. त्यांनी दिल्लीला लिहायचं, दिल्लीने ठरवायचं, मग कुणीतरी तक्रार करायची. आमच्या तालुक्यातून दिल्लीला तक्रार कशी पाठवतात हे सांगणारी एक पाटीसुद्धा मी आजवर कुठल्या सेंटरमध्ये पाहिलेली नाही.

तिसरी गोष्ट सर्वांत महत्त्वाची. कायद्यातली ही शिक्षा आहे नोंद नसलेल्या माणसाला. ज्याची सहायक म्हणून रीतसर नोंद आहे अशा मुलाला थेरपिस्ट म्हणून पाठवणाऱ्या सेंटरचं काय? परिषद नोंदणीकृत व्यक्तीवर कारवाई करू शकते, अगदी तिचं नाव रजिस्टरातून काढूही शकते. पण सेंटरचा मालक मुळात थेरपिस्टच नसेल, निव्वळ गुंतवणूकदार असेल, तर त्याचं नाव कुठल्या रजिस्टरातून काढणार? कारवाई झालीच तर ती होणार त्या तेवीस वर्षांच्या मुलावर. ज्याने फी घेतली आणि ‘मॅडमना फोन करू नको’ म्हणून सांगितलं, तो सुखरूप.

राज्य सरकार कुठे आहे?

आमच्या डॉक्टरांसाठी महाराष्ट्र वैद्यक परिषद आहे. फिजिओथेरपी आणि ऑक्युपेशनल थेरपीसाठी राज्याने स्वतंत्र कायदा करून परिषद नेमली. 2021 मध्ये संसदेने सहयोगी आरोग्य व्यवसायांसाठी राष्ट्रीय आयोगाचा कायदा केला, त्यातही प्रत्येक राज्यात परिषदेची तरतूद आहे. पण वाचा उपचार पुनर्वास परिषदेकडे म्हणून त्या कायद्याच्या यादीबाहेरच राहिले. त्यामुळे फिजिओथेरपिस्टबद्दल तक्रार करायची तर मुंबईकडे बघता येतं, स्पीच थेरपीबद्दल करायची तर थेट दिल्लीकडे.

सेंटरच्या नोंदणीचं काय? महाराष्ट्रात शुश्रूषागृह नोंदणीचा 1949 चा कायदा आहे. तो रुग्ण दाखल करून घेणाऱ्या रुग्णालयांसाठी. थेरपी सेंटरला खाटा नसतात. केंद्राचा 2010 चा क्लिनिकल एस्टॅब्लिशमेंट कायदा महाराष्ट्राने स्वीकारलेला नाही. मग उरतो दुकाने व आस्थापनांचा कायदा. 2017 पासून थोडीच माणसं कामाला असतील तर त्यात नोंदणीही लागत नाही, नुसती ऑनलाइन सूचना दिली की झालं. म्हणजे तीन खोल्या घ्या, भिंतीवर फुलपाखरं रंगवा, बाहेर ‘स्पीच थेरपी’चा बोर्ड लावा. मोबाइल दुरुस्तीचं दुकान उघडायला जेवढे कागद लागतात तेवढेच तुम्हाला लागतील.

कुणी म्हणेल, नवीन कायदा करायला वर्षं जातील. नवीन कायद्याची गरजच नाही. 2016 च्या दिव्यांग हक्क कायद्यात दिव्यांगांच्या पुनर्वसनासाठी काम करणाऱ्या संस्थांना राज्य सरकारकडून नोंदणी प्रमाणपत्र घेणं बंधनकारक करणारी कलमं आहेत. आपल्या राज्यात 2022 च्या अखेरीस स्वतंत्र दिव्यांग कल्याण विभाग झाला, त्याचं मोठं कौतुकही झालं. पुण्यात दिव्यांग कल्याण आयुक्तालय आहे. हत्यार हातात आहे. ते गल्लीतल्या थेरपी सेंटरलाही लागू आहे असं स्पष्ट सांगणारा शासन आदेश काढायचा आणि तपासणी करायची, एवढंच राज्याने करायचं आहे.

‘माणसंच नाहीत’ या उत्तराला उत्तर

हा मुद्दा मांडला की नेहमीचं उत्तर येतं: “मॅडम, थेरपिस्ट आहेतच किती? नियम कडक केले तर गावातल्या मुलांना काहीच मिळणार नाही.”

यातला पहिला भाग खरा आहे. 2011 च्या जनगणनेत देशात श्रवणाची अडचण असलेले सुमारे 50 लाख आणि वाचेची अडचण असलेले सुमारे 20 लाख लोक नोंदले गेले. झटक्यानंतर बोलणं गेलेले, घशाच्या कर्करोगात स्वरयंत्र काढलेले, उशिरा बोलणारी मुलं हे सगळे त्यात मोजले गेले असतील असं समजायचं कारण नाही. पदवीधर थेरपिस्ट मोठ्या शहरांत गोळा झालेले. जिल्ह्याच्या गावी एखादा, तालुक्याला बहुधा नाहीच.

म्हणूनच मी सहायकांच्या बाजूची आहे. काही थेरपिस्ट मंडळी म्हणतात की सहायक ही जमातच नको, डिप्लोमा बंद करा. त्यांचं मला पटत नाही. ज्या गावात थेरपिस्ट महिन्यातून एकदा येतो, तिथे उरलेले एकोणतीस दिवस सराव कोण घेणार? आशाताई डॉक्टर नसतात, तरी त्यांच्याशिवाय आपली आरोग्यव्यवस्था एक दिवस चालणार नाही. पण आशाताईंना सरकारने डॉक्टर म्हणून पाठवलेलं नाही. त्या काय करतील, काय करणार नाहीत, अडलं तर कुणाला फोन करतील हे लिहून दिलेलं आहे. त्यामुळे लोकांचा त्यांच्यावर विश्वास आहे आणि त्यांनाही संरक्षण आहे.

सहायकांना तेच हवं आहे. नियम त्यांच्या विरोधात जाणार नाही, त्यांच्या पाठीशी उभा राहील. ‘गिळण्याबद्दलचा निर्णय सहायकाने द्यायचा नाही’ असं शासनाच्या शिक्क्यानिशी त्या मुलाच्या ओळखपत्रामागे छापलेलं असतं, तर आजींना तो सरळ सांगू शकला असता, “आजी, हे मी सांगू शकत नाही, मॅडमना विचारावं लागेल.” आणि सेंटरचा मालक त्याला गप्प बसवू शकला नसता.

अमेरिकेत हा प्रश्न राज्यागणिक सोडवला आहे. काही राज्यांत सहायकाला परवाना लागतो, काही ठिकाणी नोंदणी. कॅलिफोर्नियात राज्याच्या मंडळाकडे सहायकाची नोंद असते, त्याच्यावर देखरेख करणाऱ्या थेरपिस्टवर जबाबदारी असते, आणि एका थेरपिस्टच्या हाताखाली किती सहायक चालतील यालाही मर्यादा आहे. तिथल्या थेरपिस्टांच्या राष्ट्रीय संघटनेने सहायकाने काय करायचं नाही याची यादीच दिली आहे: निदान करायचं नाही, तपासणीचा अर्थ लावायचा नाही, उपचाराचा आराखडा स्वतः बदलायचा नाही, उपचार कधी थांबवायचे ते ठरवायचं नाही, स्वतःला थेरपिस्ट म्हणवून घ्यायचं नाही. तिथेही सगळं आलबेल आहे असं नाही. राज्य बदललं की नियम बदलतो. पण सहायक कोण हे रुग्णाला कळलं पाहिजे, यावर तिथे वाद उरलेला नाही. ही यादी मराठीत आणायला परदेश दौरा लागत नाही.

आम्ही डॉक्टरही यात आहोत

दुसऱ्यावर बोट दाखवताना स्वतःकडे बघायला हवं. आजोबांच्या पहिल्या डिस्चार्ज कार्डावर काय लिहिलं होतं? ‘स्पीच थेरपी घ्यावी.’ बस, एवढंच. ते कार्ड माझ्या हातचं नव्हतं, पण तसली शेकडो कार्डं मीही लिहिली आहेत. थेरपी कुणाकडून, कशासाठी, गिळण्याची तपासणी झाली की व्हायची आहे, नळी कुणी काढायची, काहीच नाही. रक्तदाबाच्या गोळीचं नाव, मात्रा, वेळ लिहिणारे आम्ही इथे तीन शब्दांत मोकळे होतो. मग घरचे शेजाऱ्याला विचारतात, शेजारी व्हॉट्सअ‍ॅपवरचा नंबर देतो.

त्या प्रसंगानंतर मी डिस्चार्ज कार्डावर दोन ओळी वाढवल्या आहेत: ‘तोंडाने पाणी किंवा अन्न सुरू करण्याआधी नोंदणीकृत स्पीच थेरपिस्टकडून गिळण्याची तपासणी आवश्यक. तोवर नळी काढू नये.’ दोन ओळी लिहायला अर्धा मिनिट लागतो. हे मी वीस वर्षांपूर्वीच करायला हवं होतं.

माझ्या मागण्या

सरकारकडे माझ्या पाच मागण्या आहेत. यातली एकही मोठ्या खर्चाची नाही.

पहिली, प्रत्येक थेरपी सेंटरची राज्याकडे नोंदणी, मग ते तीन खोल्यांचं असो की घरपोच सेवा देणारं. नोंदणीत जबाबदार थेरपिस्टचं नाव असावं, आणि एकच थेरपिस्ट दहा सेंटरच्या बोर्डांवर नाव भाड्याने देऊ शकणार नाही अशी मर्यादा असावी.

दुसरी, सेंटरमध्ये मराठीत फलक आणि प्रत्येकाच्या गळ्यात ओळखपत्र. त्यावर नाव, शिक्षण, रजिस्टर क्रमांक आणि ‘थेरपिस्ट’ की ‘सहायक’ हे ठळक अक्षरांत. पेट्रोलपंपावर दर लावणं बंधनकारक आहे, मग मुलाच्या बोलण्याची जबाबदारी घेणाऱ्याने आपलं शिक्षण लावायला काय हरकत आहे?

तिसरी, सहायकाने काय करायचं आणि काय करायचं नाही याची एक पानी यादी. पहिली तपासणी, निदान, गिळण्याचा निर्णय आणि आराखड्यातला बदल हे फक्त थेरपिस्टने. ही यादी रुग्णाच्या फाइलच्या पहिल्या पानावर लावलेली असावी.

चौथी, देखरेख कागदावर दिसली पाहिजे. थेरपिस्टने रुग्णाला किती दिवसांनी प्रत्यक्ष किंवा व्हिडिओवर पाहायचं हे ठरवावं आणि त्याची सहीनिशी नोंद व्हावी. लांबच्या तालुक्यासाठी व्हिडिओवरची देखरेख चालेल, पण ‘मॅडम शनिवारी असतात’ ही देखरेख नव्हे.

पाचवी, तक्रार जिल्ह्यात करता यावी. राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रम 2013 साली आपल्याच पालघरमधून देशभर सुरू झाला. त्या कार्यक्रमात जिल्हा पातळीवर शीघ्र हस्तक्षेप केंद्रं आहेत, आणि तिथे श्रवण व वाचा तज्ज्ञाची जागा धरलेली आहे. ती पदं भरा. तिथेच तक्रार घ्या, तिथूनच ती पुढे दिल्लीला पाठवा, आणि खासगी सेंटरमधल्या सहायकांनाही तिथे वर्षातून दोनदा प्रशिक्षण द्या.

तोवर तुम्ही

खरं तर हे प्रश्न रुग्णाच्या घरच्यांना विचारायला लागू नयेत. घरात माणूस आजारी असताना कुणाची पदवी तपासत बसायची ताकद कुणात असते? पण यंत्रणा जागी होईपर्यंत एवढं करा.

थेरपी सुरू करताना विचारा: “पहिली तपासणी कोण करणार? त्यांचा आरसीआय क्रमांक काय?” हा क्रमांक परिषदेच्या संकेतस्थळावर तपासता येतो. नीट काम करणारा माणूस या प्रश्नाने रागावत नाही.

घरी येणाऱ्याला विचारा: “तुम्ही थेरपिस्ट की सहायक? तुमच्यावर देखरेख कोण करतं? त्यांचा फोन नंबर द्या.” तो सहायक आहे म्हणाला तर त्याला परत पाठवू नका. खरं बोलला म्हणून त्याच्यावर जास्त विश्वास ठेवा, फक्त त्याच्या थेरपिस्टशी एकदा स्वतः बोला.

मूल बोलत नसेल तर थेरपीच्या आधी कानाची तपासणी. ‘टाळी वाजवली की वळून बघतो’ ही तपासणी नाही. आणि ‘आमच्या घराण्यात सगळे उशिरा बोलतात’ म्हणून थांबू नका.

झटका आलेल्या माणसाला नळी असेल तर चहाचा पहिला घोट कुणाच्या सांगण्यावरून द्यायचा हे डिस्चार्ज घेतानाच डॉक्टरांकडून लिहून घ्या. जेवताना घरघर आवाज येतोय, आवाज ओलसर वाटतोय, विनाकारण ताप येतोय, यातलं काहीही दिसलं तर तोंडाने देणं थांबवून त्याच दिवशी डॉक्टरांना दाखवा.

आजोबांचं पुढे काय झालं ते सांगते. जिल्ह्याच्या गावाहून थेरपिस्ट मॅडम एकदा येऊन गेल्या, गिळण्याची नीट तपासणी झाली, आधी घट्ट पेज, मग मऊ भात, असं करत दोन महिन्यांनी नळी निघाली. रोजचा सराव कुणी घेतला? त्याच मुलाने. त्याने ते सेंटर सोडलं होतं, आता मॅडमच्या हाताखाली काम करतो. आजींनी त्याला चहा विचारला की तो आधी आजोबांचा कप बघतो, त्यात घट्टपणा आणायची पावडर घातली आहे का, आणि मगच स्वतःचा कप उचलतो.

तो मुलगा तोच होता आणि त्याचा डिप्लोमाही तोच. या वेळी त्याच्यामागे कुणीतरी उभं होतं आणि त्याचं काम कुठे संपतं हे त्याला माहीत होतं. एका चांगल्या मॅडम भेटल्या म्हणून हे जमलं. प्रत्येक तालुक्यात हे नशिबावर सोडायचं की नियमाने करायचं, हे राज्य सरकारने ठरवायचं आहे. तुमच्या आमदारांची गाठ पडेल तेव्हा त्यांना हा प्रश्न विचारा.